शाळेत पूरग्रस्तांचं निवारा केंद्र : पाऊस लागायच्या आत काय काय लावून ठेवायचं?

प्रश्न : नदीकाठची_शाळा

नमस्कार मंडळी. आमची जिल्हा परिषद शाळा कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी आहे. गावाच्या उंच अंगाला असल्यानं पूर आराखड्यात तिचं नाव निवारा केंद्र म्हणून लागलेलं असतं. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत इमारतीत पाणी आलं नाही, पण रस्ता तुटला.

माहिती अशी : वापरता येतील अशा ७ वर्गखोल्या, प्रत्येकी २० बाय २४ फूट. एक सभागृह ६० बाय ३०. शौचालयं ६, त्यातली ३ मुलींची. गच्चीवर २,००० लिटरची टाकी, आवारात एक हातपंप. खिचडी शिजवायची वेगळी खोली आहे. ग्रामपंचायतीनं आमच्या नावावर ३२० माणसं लावलीत.

धान्य, ब्लँकेट, बिस्किटं याबद्दल विचारत नाही, ते येतंच. मला हे हवंय : खरंच किती माणसं मावतात, पाणी आणि शौचालयाचं गणित काय, बायका आणि लहान पोरांची सुरक्षितता कशी सांभाळायची, आणि ज्यांची नावं गावच्या यादीतच नाहीत त्यांचं काय करायचं. गावाबाहेर पालं ठोकून राहणारी कुटुंबं आहेत, पोल्ट्रीवर आणि बांधकामावर बाहेरच्या राज्यांतले मजूर आहेत. जनावरांचा प्रश्न तर आहेच.

उत्तर १ : निवारा_आराखडा

मॅडम, आधी माणसांचा हिशोब घालू, बाकी सगळं त्यावर बेतायचं आहे.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम १२ खाली राष्ट्रीय प्राधिकरणानं मदतीचे किमान निकष ठरवलेत. त्यात निवारा केंद्रात माणशी ३.५ चौरस मीटर छताखालची जागा धरली आहे. निर्वासितांच्या छावण्यांसाठी जगभर वापरतात त्या स्फिअर मानकांतही आकडा हाच. ३.५ चौरस मीटर म्हणजे साधारण ३८ चौरस फूट : एक अंथरूण, उशाशी एक ट्रंक आणि कुणाला न तुडवता जायला वाट. तुमची खोली ४८० चौरस फुटांची, म्हणजे १२ माणसं. सात खोल्यांत ८४. सभागृह १,८०० चौरस फूट, त्यात ४७. सगळी मिळून १३१.

तुमच्या यादीत ३२० आहेत. हा फरक आत्ताच, मे-जूनमध्येच, तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोच घ्या. पत्रात एवढंच लिहा : शाळेची क्षमता १३०, उरलेल्या १९० जणांसाठी दुसरी इमारत नेमून द्यावी. आषाढ-श्रावणात मंगल कार्यालयं बहुतेक मोकळीच असतात. शिरोळ-जयसिंगपूरकडच्या अशा दोन कार्यालयांची नावं पत्रातच सुचवलीत तर काम लवकर होतं. अचानक पाणी वाढलं तर पहिल्या एक-दोन रात्री ३२० माणसं दाटीवाटीनं काढतील, नाइलाज आहे. पण दाटी आठवडाभर चालली की खोकला, खरूज, जुलाब आणि भांडणं हे चारही एकदम सुरू होतात.

बाकांचं काय करणार ते ठरवा. सगळे बाक एका खोलीत रचले तर १२ माणसांची जागा गेली. त्यापेक्षा सभागृहात बाक आडवे उभे करून त्यांना सुतळीनं ताडपत्री बांधा, चार-साडेचार फुटांचा आडोसा तयार होतो. दर दोन कुटुंबांमागे एक आडोसा धरा. छतापर्यंत पडदा नको, हवा कोंडते आणि आत काय चाललंय ते दिसत नाही.

खोल्या गल्लीवार द्या, ओळखीचे शेजारी जवळ असले की लोकांना धीर राहतो. एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून बघावी लागते. गल्लीवार वाटप आपल्याकडे सहज जातवार होतं, आणि मग दलित वस्तीच्या वाट्याला व्हरांडा येतो. म्हणून खोल्यांचा तक्ता आधीच कागदावर करा, व्हरांडा कुणालाही झोपायला देऊ नका, आणि पाण्याची जागा, स्वयंपाक, जेवणाची पंगत सगळ्यांची एकच ठेवा. वेगळ्या रांगेची मागणी आली तर पहिल्याच दिवशी नाही म्हणा. दुसऱ्या दिवशी ती पद्धत झालेली असते.

शौचालयं : सरकारी निकष ३० माणसांमागे एक, स्फिअरचा २० मागे एक. अगदी सुरुवातीच्या दिवसांत ५० मागे एकवर भागवतात, पण ते तेवढ्यापुरतंच. तुमची ६ शौचालयं १३० माणसांना कशीबशी पुरतील. ३२० आली तर ११ तरी हवीत. वाटणी निम्मीनिम्मी करू नका. बायकांना वेळ जास्त लागतो, सोबत लहान पोरं असतात, म्हणून तीनास एक असं प्रमाण धरतात. सहातली चार किंवा पाच बायकांना द्या. पुरुषांसाठी लांब अंगाला ताडपत्रीच्या आडोशाची मुतारी करा, म्हणजे भार हलका होतो.

शोषखड्डा कुठं आहे तेही आज बघून ठेवा. पूर आला की भूजल वर येतं, खड्डा खालून भरतो आणि भांड्यात मैला उलटा येतो. पावसाआधी उपसून घेतला तर बरेच दिवस निभतो. हातपंपापासून खड्डा ३० मीटरच्या आत असेल तर तो पंप फक्त धुण्याभांड्यांसाठी वापरा. वर लाल रंगानं लिहूनच टाका.

उत्तर २ : टीसीएल_आणि_टँकर

वरच्या उत्तराला जोडून पाण्याचं सांगतो. पुरात सगळ्यात आधी जॅकवेल, म्हणजे नदीतून पाणी उपसायची विहीर, बुडते, मोटार बंद, नळ कोरडे. चहूकडं पाणी आणि प्यायला थेंब नाही. म्हणून नळयोजना धरूनच चालू नका.

माणशी दिवसाला १५ लिटर, त्यातले किमान ३ लिटर पिण्याचे. ३२० माणसांना ४,८०० लिटर. तुमची २,००० ची टाकी दुपारच्या आतच संपेल. ५,००० लिटरची एक काळी टाकी जमिनीवर, विटांच्या ओट्यावर बसवून घ्या, तिला खाली चार तोट्या काढा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी शौचालयाला, खालचं पिण्याला, असे दोन भाग करा. गच्चीवर टँकरचा पाइप पोचत नाही आणि वीज नसताना मोटारही नाही, हे ऐन वेळी लक्षात येतं. रस्ता तुटायच्या आत दोन्ही टाक्या भरलेल्या पाहिजेत.

टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचं प्रमाण : १,००० लिटरला ५ ग्रॅम, म्हणजे ५,००० च्या टाकीला २५ ग्रॅम. हे ताज्या, साधारण ३३ टक्के क्लोरीन असलेल्या पावडरीचं प्रमाण आहे. ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात गेल्या वर्षीचं उघडं पोतं असतं, ओल लागून त्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. त्यातली ५ ग्रॅम टाकली काय आणि ५० टाकली काय, काही उपयोग होत नाही. जूनमध्ये ताजी पावडर घ्या, किराणा दुकानात काट्यावर २५-२५ ग्रॅमच्या पुड्या करून घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत ठेवा. टाकी भरली की एक पुडी, एवढंच लक्षात ठेवायचं.

पावडर थेट टाकीत टाकायची नाही. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात कालवा, काठीनं ढवळा, चुना तळाशी बसू द्या, वरची निवळी तेवढी टाकीत ओता. अर्धा तास थांबा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते थेंब टाकून बघायची चाचणी करा. पाणी पिवळसर झालं तर ठीक. तोटीला ०.२ ते ०.५ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) क्लोरीन उरला पाहिजे. रंग आलाच नाही तर निम्मी पुडी आणखी. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, कारण गाळच क्लोरीन खाऊन टाकतो. पुरात पाणी गढूळ आणि पावडर शिळी या दोन्ही गोष्टी एकत्र येतात, म्हणून सकाळ-संध्याकाळ टेस्ट करून तारीख-वेळेसह वहीत लिहायची. हे काम एकाच माणसाच्या नावावर ठेवा.

दूध पावडरीबद्दल एक सांगतो, कारण हाही पाण्याचाच प्रश्न आहे. मदतीच्या टेम्पोतून तान्ह्या बाळांच्या पावडरीचे डबे येतात. ते सरसकट वाटू नका. उकळलेलं पाणी नाही, बाटली धुवायला जागा नाही, आणि दोन दिवसांत बाळाला जुलाब लागतात. अंगावर पाजणाऱ्या आईनं तेच चालू ठेवावं यासाठी तिला आडोसा, जास्तीचं जेवण आणि पाणी द्या. १९९२ च्या कायद्यानं अशा पावडरीच्या फुकट वाटपावर बंधनं घातलीत. ज्या बाळाला आई नाही त्याच्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून, वाटी-चमच्यानं द्या, बाटलीनं नको.

नदीकाठची_शाळा

दोघांचेही मनापासून आभार. क्षमतेचं पत्र उद्याच देते. बायकांच्या सुरक्षिततेबद्दल आणि यादीबाहेरच्या लोकांबद्दल कुणी सविस्तर सांगेल का? मागच्या वेळी 'रेशनकार्ड दाखवा मग आत या' असं दारावर चाललं होतं. ते चूक आहे हे कळतं, पण ऐकवायला आधार हवा.

उत्तर ३ : विस्थापितांचे_हक्क

आधार आहे, मॅडम. देशातल्या देशात विस्थापित झालेल्यांसाठी संयुक्त राष्ट्रांची १९९८ ची ३० मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांत भेदभाव न करता संरक्षण, अन्न, पाणी, निवारा, हरवलेली कागदपत्रं पुन्हा मिळणं आणि सुरक्षित परत जाणं हे सगळं आलेलं आहे. ती कायद्यासारखी बंधनकारक नाहीत. आपली राज्यघटना मात्र आहे. कलम २१ मधला जगण्याचा हक्क 'कोणत्याही व्यक्तीला' दिलेला आहे, फक्त नागरिकाला नाही. भारतानं १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, तरी १९९६ मध्ये अरुणाचलातल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्या जिवाचं रक्षण करणं राज्याचं कर्तव्य ठरवलं. जिथं परदेशातून आलेल्या माणसाला हा हक्क आहे, तिथं पालातल्या कुटुंबाला किंवा बिहारच्या मजुराला दारात अडवणाऱ्याकडं कसला कागद आहे, असं विचारा.

प्रत्यक्षात करायचं ते असं. दारावर कागद मागायचा नाही, फक्त नाव लिहायचं. कागद नसेल तर 'कागद नाही' एवढंच लिहायचं आणि आत घ्यायचं. पालं आणि पोल्ट्र्या कुठं आहेत हे जूनमध्येच फिरून बघा, माणसं मोजा आणि तो आकडा ग्रामपंचायतीच्या यादीत लेखी घालायला लावा. ही माणसं बहुधा ओढ्याकाठच्या, सखल, फुकटच्या जागेत असतात, म्हणजे पाणी सगळ्यात आधी त्यांच्याकडं येतं. दवंडी आणि भोंगा गावठाणात फिरतो, त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यांच्यातल्या एकाचा फोन नंबर घ्या आणि इशारा द्यायची जबाबदारी नावानिशी कुणावर तरी टाका. मजुरांना मराठी येत नसेल तर दोन ओळी हिंदीत लिहून त्यांच्या फोनवर पाठवा.

नोंदवही कुटुंबवार नको, माणसावार ठेवा. नाव, वय, बाई-पुरुष-तृतीयपंथी, गल्ली, सोबत कोण, कोणती औषधं चालू, गरोदर असल्यास कितवा महिना, अपंगत्व, जनावरं किती आणि कुठं. कुटुंबप्रमुखाच्या नावावर सगळं लिहिलं की परित्यक्ता, विधवा जाऊ, म्हातारी सासू या दुसऱ्याच्या कार्डावर जगतात आणि साहित्य त्यांच्या हातात पडतच नाही. प्रत्येक प्रौढ बाईला स्वतःच्या नावाचं कार्ड द्या.

ही वही कुलपात राहिली पाहिजे. यादीचा फोटो काढून गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं ही सर्रास चालणारी आणि घातक गोष्ट आहे. त्या यादीत एकट्या राहणाऱ्या बाईचं नाव, वय, मोबाइल नंबर असतो, कुणाच्या आधारचा फोटो असतो. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून माहेरी आलेली मुलगी आज कुठं झोपली आहे हे त्याच यादीवरून कळतं. टीबीची किंवा एआरटीची (एचआयव्हीवरची) औषधं चालू असलेल्यांची नोंद तर वहीतही नको. ती आरोग्यसेविकेकडं वेगळी राहू दे, औषधं मात्र खंडित होता कामा नयेत.

आता शौचालय. शाळेतल्या मुलींच्या शौचालयाची दारं आणि भिंती पोरींच्या उंचीला बेतलेल्या असतात. प्रौढ बाई उभी राहिली की खांद्यापर्यंत बाहेरून दिसते. मग बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि अंधाराची वाट बघतात. तिथूनच लघवीचे आजार आणि रात्रीचे धोके दोन्ही सुरू होतात. भिंतींवर बांबू बांधून ताडपत्रीनं सहा फुटांपर्यंत आडोसा करा. आतली कडी लागते का ते स्वतः हातानं लावून बघा. कडी नाही असं एक तरी दार निघतंच. पुरुषांची वाट आणि बायकांची वाट वेगवेगळ्या बाजूंनी काढा. न्हाणीसाठी एक खोपा वेगळा, आत दोरी आणि खिळे, कपडे अडकवायला. पॅड टाकायला झाकणाचा डबा आणि कागदी पिशव्या ठेवा, आणि तो डबा रोज कोण रिकामा करणार ते ठरवा. हे काम आपोआप सफाई कामगार बाईच्या गळ्यात पडतं. तिला रबरी हातमोजे आणि रोजचे पैसे दोन्ही द्या.

पुरात वीज सुरक्षेसाठी मुद्दाम बंद करतात, हे धरूनच चाला. शौचालयाच्या वाटेवर दोन सौरदिवे आणि न्हाणीजवळ एक. रात्रीच्या पाळीला दोन माणसं, त्यातली एक बाई, आणि त्यांची नावं फळ्यावर लिहिलेली. मोबाइल चार्जिंगच्या जागी बायकांसाठी वेगळी वेळ ठेवा, नाहीतर त्यांचे फोन बंदच राहतात आणि अडचणीत कुणाला हाक मारता येत नाही.

मुलांच्या बाबतीत नियम कडक हवा. आईबाप सोबत नसलेलं मूल आलं तर नाव, गाव, अंगावरचे कपडे, कुणी आणून सोडलं हे लिहा, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा आणि बाल कल्याण समितीला कळवा. 'मी काका आहे' म्हणून आलेल्याच्या हाती मूल देऊ नका. मूल त्याला ओळखतं का, घरातल्या दुसऱ्या माणसानं फोनवर खात्री दिली का, त्याचं ओळखपत्र बघितलं का, हे तिन्ही झाल्यावर आणि पोलिसांना किंवा समितीला सांगून मगच. कुणी संस्था गाडी घेऊन आली आणि 'मुलांना पुण्याला वसतिगृहात ठेवतो' म्हणाली, तर समितीच्या लेखी आदेशाशिवाय एकही मूल हलवायचं नाही. माणसं गोंधळलेली असताना मुलांची पळवापळवी करणारे जगात सगळीकडं छावण्यांभोवती घिरट्या घालतात.

वाटपाबद्दल दोनच ओळी लिहून भिंतीवर लावा : इथलं सगळं साहित्य मोफत आहे, त्याबदल्यात कुणीही काहीही मागू शकत नाही. आणि तक्रार कुणाकडं करायची. तक्रार घेणारी व्यक्ती वाटप करणारी नको, आणि बाई हवी. सोबत १८१ (महिला हेल्पलाइन) आणि ११२ (तातडीची मदत) हे नंबरही लिहा. देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या हातात पिशवी देतानाचा फोटो काढायचा नाही हेही तिथंच लिहा. जुने कपडे घेणार नाही असं आधीच कळवा. ढीग येतात, भिजतात आणि कुजतात. त्यापेक्षा नवे परकर, आतले कपडे, पॅड, टॉवेल, दोऱ्या, टॉर्च आणि बादल्या मागा.

छावणी चालवायला रहिवाशांचीच समिती करा, निम्म्या बायका, पालातला एक, मजुरांतला एक. कोल्हापूरकरांना याचं उदाहरण लांब शोधायला नको. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ पासून १९४८ पर्यंत, वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. सैबेरियात हद्दपार झालेली ही माणसं इराणमार्गे इथं आली. प्रत्येक कुटुंबाला बराकीत स्वतःची जागा आणि स्वतःचा स्वयंपाक होता, शाळा त्यांच्या त्यांनी चालवल्या. नंतर त्याच जागी फाळणीतले सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर उभं राहिलं. दहा दिवसांच्या छावणीला एवढं करता येत नाही, पण स्वयंपाकाची पाळी, साफसफाईची पाळी आणि पोरांचा रोज दोन तासांचा वर्ग हे रहिवाशांच्या हाती देता येतं.

उत्तर ४ : गोठा_आणि_चारा

माणसं घर का सोडत नाहीत, तर दावणीला म्हैस असते. जनावराची सोय केली नाही तर पुरुष माघारी राहतात आणि छातीभर पाण्यात बोटीची वाट बघतात. म्हणून जनावरांची छावणी माणसांच्या आधी तयार पाहिजे.

जागा शाळेच्या आवारात नको. वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपासून आणि स्वयंपाकापासून लांब, मुरमाड चढावर. मोठ्या जनावराला दिवसाला १५ ते २० किलो हिरवा चारा आणि ४० ते ६० लिटर पाणी लागतं. म्हणजे ५० म्हशींना माणसांच्या निम्म्याएवढं पाणी. ते टँकरच्या हिशोबात धरा, पिण्याच्या टाकीतून देऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये उसाचं वाढं मिळत नाही, हत्तीगवत आणि मका पाण्याखाली गेलेला असतो. आधीच मुरघासाच्या (मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा उंचावर रचून ठेवणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या. पुराच्या पाण्यात उभं राहिलेल्या जनावरांत घटसर्प एकदा शिरला की आवरत नाही. कानातला बिल्ला नसेल तर तोही मारून घ्या, मेलेल्या जनावराच्या पंचनाम्याला नंतर उपयोगी पडतो.

शेण आणि मूत वाहून छावणीकडं येणार नाही असा चर काढा. चिखलात अनवाणी फिरणाऱ्यांना लेप्टोचा (जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतो. पायाला जखम असलेल्यांची यादी आरोग्यसेविकेला द्या, गोळ्या कुणाला द्यायच्या ते डॉक्टर ठरवतील.

उत्तर ५ : बंधारा_पातळी

कधी हलायचं याचं कुणी लिहिलं नाही म्हणून. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. करवीरकर त्यावर हलतात. शिरोळनं फक्त तेवढं बघून चालत नाही, तिथं कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चारही नद्यांचं पाणी येतं. कोयनेचा विसर्ग आणि नृसिंहवाडीची पातळी रोज फळ्यावर लिहा. कोल्हापुरात पाणी उतरायला लागलं तरी शिरोळात ते रेंगाळतं, त्यामुळं बातम्या ऐकून लोकांना घाईनं परत पाठवू नका.

घरात पाणी शिरलं की हलायचं असं नाही, रस्त्यावर पाणी यायच्या आत हलायचं. नववा महिना लागलेल्या बायका, डायलिसिसचे आणि ऑक्सिजनवरचे रुग्ण, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं हे सगळ्यात आधी. त्यांना शाळेत आणूच नका, थेट जयसिंगपूर, इचलकरंजी किंवा कोल्हापूरला दवाखान्याजवळ हलवा. रस्ता तुटल्यावर १०८ ची रुग्णवाहिका पोचत नाही.

बोटीत बसवताना आधी नावं कागदावर, मग जॅकेट, मग माणूस. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यानं बोट उलटली आणि बायका-मुलं बुडाली. शेवटची फेरी आहे असं वाटलं की सगळे एकदम चढतात. म्हणून फेऱ्या किती होणार आणि कोण कितव्या फेरीत हे काठावर मोठ्यानं वाचून दाखवा.

नदीकाठची_शाळा

अजून एकच. पाणी ओसरल्यावर तीन-चार दिवसांतच 'शाळा रिकामी करा, वर्ग भरवायचे आहेत' असा तगादा लागतो. मुलांचं शिक्षण महत्त्वाचं आहेच, पण लोकांना कुठल्या घरात पाठवू? भिंती पडलेल्या असतात.

उत्तर ६ : निवारा_आराखडा

दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मुलांच्या शिक्षणाचा हक्क त्या १९९८ च्या तत्त्वांतही आहे, आणि परतणं स्वेच्छेनं, सुरक्षित आणि सन्मानानं व्हावं हेही त्याच तत्त्वांत आहे. वाट अशी काढता येते : आधी तीन खोल्या मोकळ्या करून दोन पाळ्यांत वर्ग सुरू करा, उरलेल्यांना सभागृहात आणि दुसऱ्या इमारतीत हलवा. ज्याचं घर राहण्याजोगं आहे असं लेखी तपासलं गेलंय, त्यालाच परत पाठवा.

तपासायचं काय, तर आधी भिंती. पांढऱ्या मातीच्या आणि मातीत बांधलेल्या विटांच्या भिंती पाणी भरलेलं असताना उभ्या राहतात, कारण दोन्ही अंगांनी दाब सारखा असतो. पाणी उतरलं की भिजून जड झालेली भिंत स्वतःच्याच वजनानं बसते, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ऊन पडल्यावर. लोक नेमके तेव्हाच गाळ काढायला आत गेलेले असतात. फुगवटा, तिरकी चीर, ओळंब्याला न बसणारा कोपरा दिसला तर टेकू दिल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, पोरं तर मुळीच नाहीत. मेन स्विच बंद ठेवून महावितरणच्या वायरमनकडून तपासून मगच वीज जोडायची. विहीर उपसून टीसीएल टाकल्याशिवाय पाणी प्यायचं नाही. अडगळ हातानं उपसू नका, काठीनं हलवा, पुरानं आलेले साप कोरड्या कोपऱ्यात बसलेले असतात.

पंचनाम्याची तयारी छावणीतच करून घ्या. घरात पाणी कधी शिरलं आणि कधी ओसरलं याची तारीख-वेळ प्रत्येकानं लिहून ठेवायची, कारण घर किती काळ पाण्यात होतं यावर मदतीचे निकष बेतलेले असतात. गाळ काढायच्या आधी भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचा, पडलेल्या भिंतीचा, भिजलेल्या धान्याचा फोटो, शक्यतो घरमालक त्यात उभा असलेला. आधार, पासबुक, ८अ (जमिनीचा खातेउतारा) यांच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आणि फोनवर फोटो. तलाठी येतील तेव्हा माणूस घरी हजर पाहिजे. शाळेत बसला आणि पंचनामा होऊन गेला तर नाव वगळलं जातं. म्हणून तलाठ्यांच्या फेरीचं गल्लीवार वेळापत्रक आदल्या संध्याकाळी शाळेच्या फळ्यावर लावायला सांगा.

भाडेकरूंचं वेगळं. घर मालकाच्या नावावर, पंचनामाही मालकाच्या नावावर, आणि वाहून गेलेली भांडी, कपडे, शिलाई मशीन मात्र भाडेकरूचं. तलाठ्यांना पंचनाम्यात 'राहणारा कोण' आणि 'मालक कोण' असे दोन रकाने भरायला आग्रहानं सांगा. भाडेकरार नसेल तर निवारा केंद्राच्या नोंदवहीतली नोंद, वीजबिल, शेजारच्या दोघांच्या सह्या यावर काम भागू शकतं. पालातल्या कुटुंबांचं तसंच. त्यांची जागाच नोंदलेली नसते, तेव्हा तुमच्या वहीतला पहिल्या दिवशीचा पत्ता हाच त्यांचा पुरावा. त्या पानाची शिक्का मारलेली नक्कल जाताना प्रत्येकाच्या हातात द्या.